रोज ५ किलोमीटर चालणाऱ्या आजोबांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार का लागतो?

पहाटे साडेपाचला उठून, कॅनव्हासचे बूट घालून, स्वेटर-कानटोपी चढवून फिरायला जाणारे आजोबा प्रत्येक सोसायटीत असतात. पाऊस असो, थंडी असो, त्यांचा फेरा चुकत नाही. मोबाईलवर पावलं मोजतात आणि फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉटही टाकतात.

पण हेच आजोबा सोफ्यावरून उठताना आधी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात, एक झोका घेतात, 'हं' म्हणतात आणि मग उठतात. एसटीची पहिली पायरी चढताना दांडा घट्ट धरावा लागतो. जमिनीवर बसून जेवणं तर त्यांनी कधीच सोडलेलं असतं.

आपण म्हणतो, वय झालं. चालायचंच.

पण प्रश्न असा आहे, की रोज ५ किलोमीटर चालणारा माणूस खुर्चीतून उठताना का अडखळतो? याचं उत्तर म्हणजे चालणं हा व्यायामाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग आपल्याकडच्या बहुतेक ज्येष्ठांच्या दिनक्रमात नसतोच. आणि तो भरून काढायला जिमची नाही, एका साध्या रबरी पट्ट्याची गरज आहे.

दम वेगळा, ताकद वेगळी

म्हातारपणी स्वतःची कामं स्वतः करता येणं, याला डॉक्टर 'शारीरिक कार्यक्षमता' म्हणतात. शब्द जड असला तरी त्यातल्या गोष्टी अगदी घरगुती आहेत. अंथरुणातून उठणं, बाथरूमला जाऊन येणं, जिना चढणं, भाजीची पिशवी आणणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, रस्ता ओलांडणं.

या कामांसाठी शरीराला मुख्यतः तीन गोष्टी लागतात.

पहिली म्हणजे दम. हृदय, फुप्फुसं आणि रक्ताभिसरण मिळून स्नायूंना किती ऑक्सिजन पुरवतात, यावर दम ठरतो. वेगाने चालणं, सायकल, पोहणं, नाच अशा एरोबिक व्यायामाने तो वाढतो.

दुसरी म्हणजे ताकद. खुर्चीतून उठताना मांड्यांच्या आणि कमरेच्या स्नायूंना सगळं शरीर काही सेकंदांत वर उचलायचं असतं. इथे दमापेक्षा जोर लागतो. स्नायूंना सवयीपेक्षा जास्त भार दिला तरच तो वाढतो.

तिसरी म्हणजे तोल. पाय अडखळला तर पडण्याआधी स्वतःला सावरता येणं.

सपाट रस्त्यावर रोज त्याच वेगाने चालल्याने दम बऱ्यापैकी टिकतो. पण मांड्यांच्या स्नायूंना त्यात नवं काही आव्हान नसतं. त्यांना त्या भाराची सवय झालेली असते.

दरम्यान वय आपलं काम करत असतं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटपट जोर लावणारे तंतू जास्त कमी होतात. म्हणजे ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकायला जे लागतात, नेमके तेच. वयानुसार होणाऱ्या या ऱ्हासाला अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. नाव मिळाल्यावर त्याकडे 'वय झालं' म्हणून न बघता, मोजता येणारी आणि उपाय करता येणारी गोष्ट म्हणून बघितलं जाऊ लागलं.

नव्वदीतल्या लोकांनी वजनं उचलली, तेव्हा

म्हाताऱ्या माणसांनी वजन उचलायचं? काही तुटलं-फुटलं तर? ही भीती आजही आहे, तशी तेव्हाही होती.

१९९० मध्ये बोस्टनमध्ये मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमात राहणारे १० अशक्त लोक, सरासरी वय ९०. त्यांच्याकडून ८ आठवडे मांड्यांच्या ताकदीचा व्यायाम करून घेतला. तोही नावापुरता नाही, चांगलं वजन लावून. ९ जणांनी तो पूर्ण केला.

त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या मधल्या भागातल्या स्नायूंचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढलं. याच प्रयोगाची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्यायाम थांबवल्यावर फक्त ४ आठवड्यांत त्यांची ताकद ३२ टक्क्यांनी घसरली.

१० लोक म्हणजे फार थोडे. म्हणून याच टीमने १९९४ मध्ये १०० वृद्धांवर १० आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. त्यात व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग जवळपास १२ टक्क्यांनी आणि जिना चढण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली.

थोडक्यात, स्नायूंना निवृत्तीचं वय नसतं. नव्वदीतही ते नव्याने शिकतात.

मग चालणं सोडून फक्त ताकदीचा व्यायाम करायचा?

नाही. २०१७ मध्ये डेनिस व्हिलारियल आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने हाच प्रश्न तपासला.

६५ वर्षांवरचे, लठ्ठपणा असलेले १६० लोक. त्यांचे चार गट केले. एक गट फक्त एरोबिक व्यायामाचा, दुसरा फक्त ताकदीच्या व्यायामाचा, तिसरा दोन्हींचा आणि चौथा काहीच न बदलणारा. पहिल्या तिन्ही गटांना वजन कमी करण्यासाठी आहारही ठरवून दिला होता. हे ६ महिने चाललं.

मोजमापही रोजच्या जगण्यातलं होतं. कोट घालणं आणि काढणं, जमिनीवरचं नाणं उचलणं, पुस्तक फळीवर ठेवणं, खुर्चीतून पाच वेळा उठणं, जिना चढणं. या सगळ्याला मिळून गुण.

निकाल असे आले.

* रोजच्या कामांचे गुण : फक्त एरोबिक गटात १४ टक्के वाढ, फक्त ताकदीच्या गटात १४ टक्के वाढ, दोन्ही करणाऱ्या गटात २१ टक्के वाढ.
* दम : एरोबिक गटात १८ टक्के, दोन्हींच्या गटात १७ टक्के, फक्त ताकदीच्या गटात ८ टक्के वाढ.
* ताकद : ताकदीच्या गटात १९ टक्के, दोन्हींच्या गटात १८ टक्के आणि फक्त एरोबिक गटात अवघी ४ टक्के वाढ.

शेवटचा आकडा परत बघा. ४ टक्के. आपल्या ५ किलोमीटरवाल्या आजोबांची गोष्ट या एका आकड्यात आहे.

आणखी एक गोष्ट. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू आणि हाडंही झिजतात. फक्त एरोबिक करणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता ३ टक्क्यांनी घटली, दोन्ही करणाऱ्यांची १ टक्क्याने. उतारवयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिलंय त्यांना या फरकाचं मोल वेगळं सांगायला नको.

आता या चाचणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे लोक अमेरिकेतले होते, लठ्ठ होते आणि देखरेखीखाली मशिनवर व्यायाम करत होते. दोन्ही करणाऱ्या गटाचा वेळही जास्त होता. इतरांचा साधारण १ तास, तर यांचा ७५ ते ९० मिनिटं. काहींना स्नायू-सांध्यांच्या दुखापतीही झाल्या. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या आजीला लागू होतील असं नाही. पण दिशा स्पष्ट आहे. दम आणि ताकद एकमेकांची जागा घेत नाहीत.

दोन्ही एकत्र केलं तर एकाचा फायदा दुसरा खातो का?

जिममध्ये जाणाऱ्यांनी हे ऐकलेलं असतं. 'कार्डिओ जास्त केलास तर मसल जातील.' या समजाचं मूळ रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० मधल्या अभ्यासात आहे. १० आठवडे ताकदीचा आणि दमाचा दोन्ही व्यायाम जोरात करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवड्यांनंतर वाढायची थांबली आणि शेवटी घसरू लागली.

पण ते कठोर सराव करणारे लोक होते. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालणाऱ्या आणि दोन दिवस बँड ओढणाऱ्या आजीला याची चिंता करायचं कारण नाही.

क्रम मात्र उपयोगी ठरू शकतो. ब्राझीलमध्ये एदुआर्दो कादोरे यांच्या टीमने ज्येष्ठ पुरुषांवर केलेल्या अभ्यासात, एकाच दिवशी दोन्ही करताना आधी ताकदीचा आणि मग दमाचा व्यायाम केला, तर ताकद जास्त वाढली. दमाचा फायदा दोन्ही क्रमांत सारखाच होता. म्हणून एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर ५ मिनिटं अंग गरम करा, मग बँड आणि मग फेरफटका.

रबरी पट्टाच का?

डंबेल हातातून निसटलं तर पायावर पडतं. जिमची मशिनं उंच, महाग आणि ज्येष्ठांना बिचकवणारी. रेझिस्टन्स बँड हा मात्र रबराचा पट्टा. घडी करून उशीखाली मावतो, गावाला जाताना पिशवीत जातो आणि एखाद्या जेवणाच्या खर्चात येतो.

त्याचं काम सोपं आहे. पट्टा जितका ताणाल तितका तो जास्त विरोध करतो. हालचालीच्या सुरुवातीला भार हलका आणि शेवटाकडे जड. दुखऱ्या सांध्यांना सुरुवातीला झटका बसत नाही. दमलात की हात मागे आणा, भार आपोआप कमी होतो.

पण रबराने खरंच ताकद वाढते का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात बँडने आणि नेहमीच्या वजनांनी वाढलेल्या ताकदीत फरक दिसला नाही. अट एकच, पट्टा पुरेसा कडक हवा. वर्षभर तोच हलका पट्टा हलवत राहिलं तर ती फक्त हातवाऱ्यांची सवय होते.

कडकपणा रंगावरून कळतो. एका प्रचलित पद्धतीत पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम असतो. पण प्रत्येक कंपनीचे रंग सारखे नसतात, त्यामुळे पाकिटावर वाचा. रबराची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेला पट्टा घ्या.

आठवडा कसा आखायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी,

* आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम एरोबिक व्यायाम करावा,
* किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा,
* आणि किमान ३ दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे मिश्र व्यायाम करावेत.

'मध्यम' म्हणजे किती? चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतकं.

१५० मिनिटांचा आकडा बघून घाबरू नका. १०-१० मिनिटांचे तुकडेही चालतात. सुरुवातीचा आठवडा असा आखता येईल.

* सोमवार, गुरुवार : २० ते २५ मिनिटं बँड, नंतर १५ मिनिटं चालणं.
* मंगळवार, शुक्रवार, शनिवार : ३० ते ४० मिनिटं वेगाने चालणं, शेवटी ५ मिनिटं तोलाचा सराव.
* बुधवार, रविवार : आराम किंवा रमतगमत फेरी.

बँडच्या दोन दिवसांत किमान एक दिवसाचं अंतर हवं. स्नायू वाढतात ते विश्रांतीत.

हे ६ व्यायाम पुरेसे आहेत

न हलणारी, हात नसलेली भक्कम खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको.

१. उठ-बस : खुर्चीच्या पुढच्या भागावर बसा, पाय खांद्यांइतके दूर ठेवा. पुढे वाकून उभे राहा आणि धपकन न बसता सावकाश बसा. आधी पट्ट्याशिवाय. १२ वेळा सहज जमलं की पट्टा दोन्ही पावलांखाली दाबून टोकं खांद्यांपाशी धरा.

२. पट्टा मागे ओढणं : बसून पाय पुढे करा, पट्टा दोन्ही तळव्यांभोवती घ्या आणि कोपरं मागे ओढा. वाकलेल्या पाठीसाठी उत्तम. पायात बूट असू द्या, पट्टा सरकत नाही.

३. पुढे ढकलणं : पट्टा पाठीमागून काखांखालून घ्या आणि दोन्ही हात छातीसमोर सरळ करा.

४. मांड्या उघडणं : पट्टा गुडघ्यांच्या थोडा वर बांधा आणि बसल्या बसल्या गुडघे बाहेर ढकला. चालताना कंबर डुलू न देणारे स्नायू यानेच मजबूत होतात.

५. गुडघा सरळ करणं : पट्ट्याचं एक टोक खुर्चीच्या मागच्या पायाला आणि दुसरं घोट्याला. गुडघा हळू सरळ करा, क्षणभर थांबा, हळू खाली आणा.

६. टाचा उचलणं : स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. नंतर एका हाताचा आधार, मग दोन बोटांचा. इथे पट्टा लागत नाही, तोल लागतो.

प्रत्येक व्यायाम १० ते १२ वेळा. पहिले दोन आठवडे एकच फेरी, मग दोन. ताणताना २ अंक मोजा, परत आणताना ४. शेवटचे दोन-तीन वेळा जड जायला हवेत. १५ वेळा सहज होऊ लागलं की पुढचा रंग घ्या. मोठ्याने अंक मोजण्याचा एक फायदा आहे, श्वास रोखला जात नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

पडण्याचं काय?

ज्येष्ठांच्या घरी खरी भीती हीच असते. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं. तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाला ताकदीच्या व्यायामाची जोड दिल्यावर ही घट ३४ टक्क्यांच्या आसपास होती. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, याचा मात्र खात्रीचा पुरावा मिळाला नाही.

हे आधी वाचा, मग पट्टा ताणा

* हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया, हर्निया, फ्रॅक्चर किंवा ठिसूळ हाडं असतील, वारंवार पडणं होत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्टसमोर करा.
* छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर लगेच थांबा. छातीतलं दुखणं थांबल्यावरही गेलं नाही, तर थेट हॉस्पिटल.
* इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी सुरू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. घरी आल्यावर तळपाय बघा.
* स्नायू एक-दोन दिवस दुखणं स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणं किंवा सूज येणं स्वाभाविक नाही.
* प्रत्येक वेळी पट्टा उजेडात धरून चिरा तपासा. ताणलेला पट्टा तुटला तर थेट डोळ्यावर येतो. दाराच्या कडीला किंवा नळाला तर बांधूच नका.

आणि जेवणाचं?

स्नायूंना प्रथिनं लागतात. म्हातारपणी आपण नेमकी तीच कमी करतो. रात्री नुसता दहीभात किंवा चहा-खारी. तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार निरोगी ज्येष्ठांना रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ६० किलोच्या आजीला ६० ते ७२ ग्रॅम. उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, शेंगदाणे, खात असाल तर अंडी आणि मासे दिवसभरात वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

पण फक्त पावडरचा डबा आणून काम होत नाही. १९९४ च्या त्याच प्रयोगात व्यायामाशिवाय पोषक पेय घेणाऱ्यांच्या अशक्तपणात फरक पडला नव्हता.

आज रात्री ही चाचणी घरीच करा

साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला लावा. आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना हात छातीवर फुली करून बसवा. मोबाईलवर ३० सेकंद लावा. हाताचा आधार न घेता पूर्ण उभं राहणं आणि बसणं किती वेळा जमतं ते मोजा. तुम्ही शेजारी उभे राहा.

अमेरिकेच्या सीडीसीच्या तक्त्यानुसार खालच्या आकड्यांपेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरला जातो.

* ६० ते ६४ वर्षं : पुरुष १४, महिला १२
* ६५ ते ६९ वर्षं : पुरुष १२, महिला ११
* ७० ते ७४ वर्षं : पुरुष १२, महिला १०
* ७५ ते ७९ वर्षं : पुरुष ११, महिला १०
* ८० ते ८४ वर्षं : पुरुष १०, महिला ९

हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. हा तक्ता अमेरिकन लोकांवरून केलेला आहे, त्यामुळे त्याला निदान समजू नका. आलेला आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ८ आठवड्यांनी परत मोजा. दुसऱ्यांशी तुलना करण्यापेक्षा स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी केलेली तुलना जास्त कामाची.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून अधिक लोक होते. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांपैकी एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे. त्यातल्या अनेकांची मुलं दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात असतील. रात्री दोन वाजता बाथरूमला जायला उठवणारं कुणी घरात असेलच असं नाही.

म्हणून आजोबांचा सकाळचा फेरा बंद करू नका. तो चांगलाच आहे. फक्त ते परत आले, की पेपर हातात देण्याआधी पट्टा हातात द्या. आणि पहिले काही दिवस शेजारच्या खुर्चीवर बसून तुम्हीही ताणा. तिशीनंतर स्नायू कमी होतात, हे वर लिहिलंय ते तुमच्यासाठीही आहे.